लाकूडकामाची पाटी कोरी असताना कोर्समध्ये स्वतःची गिटार बनवता येते का?

तुम्ही विचारलंय की हातात कधी रंधा धरलेला नाही, तरी तीन आठवड्यांच्या कोर्समध्ये मनासारखी क्लासिकल गिटार बनेल का, आणि त्यासाठी एवढे पैसे घालावेत का.

बनते. वाजतेही. माझीही पाटी कोरीच होती, शाळेत केलेली लाकडी पट्टी सोडली तर. पण कुणी विचारलं, ‘तूच बनवलीस का?’ तर मी अजून जरा अडखळतो. का ते सांगतो.

नोकरीसाठी म्युनिकला होतो तेव्हा रजा काढून स्पेनमध्ये ग्रानाडाला गेलो. तिथे अलहाम्ब्रा किल्ल्याकडे चढत जाणारी कुएस्ता दे गोमेरेस नावाची गल्ली आहे, गिटार बनवणाऱ्यांसाठी प्रसिद्ध. आमच्या मास्तरांचं दुकान मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. विद्यार्थी तिघंच.

पहिला दीड दिवस लाकडाला हातच लावू दिला नाही. नुसती पटाशी आणि रंध्याचं पातं, धारेच्या दगडावर मागे-पुढे. मी मनातून वैतागलो होतो. मग आठवलं, मिरजेच्या सतारमेकरांचा मूळ धंदा शिकलगारी, म्हणजे हत्यारांना धार लावायचा! तंबोरे नंतर आले. तिसऱ्या दिवशी स्प्रूसवरून, म्हणजे वरच्या फळीच्या लाकडावरून, कागदासारखी पातळ साल निघाली तेव्हा वैताग गेला.

आता अडखळण्याबद्दल. स्पॅनिश पद्धतीत गिटार पालथी घालून बांधतात. ‘सोलेरा’ नावाचा एक पाट असतो, गिटारच्याच आकाराचा, किंचित खोलगट. त्यावर वरची फळी आणि मान आधी जोडायची, वाकवलेल्या बाजू मानेच्या टाचेतल्या खाचांत बसवायच्या आणि पाठ सगळ्यात शेवटी चिकटवायची. मानेचा कोन आणि फळीचा फुगवटा हे सगळं त्या पाटातच ठरलेलं असतं, आणि तो पाट मास्तरांचा. म्हणजे ज्या चुकांनी गिटार कायमची बिघडते, त्यातल्या निम्म्या त्यांनी वीस वर्षांपूर्वीच टाळून ठेवल्या होत्या. कोर्सचे पैसे मुख्यतः त्याचे. त्यात चांगली तयार गिटार सहज आली असती, तेव्हा फक्त वाजवायची असेल तर सरळ विकत घ्या.

जे काम खरंच तुमच्या हाताचं असतं, ते वरच्या फळीचं. ती रंधून साधारण दोन-अडीच मिलिमीटरवर आणायची. मास्तर मोजमापाकडे फारसं बघत नसत. फळी दोन्ही हातांत धरून वाकवत, कानाशी नेऊन टिचकी मारत आणि म्हणत, अजून थोडं. आतून पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या सरसाने चिकटवतात. ही रचना पक्की केली ती स्पेनच्याच अंतोनियो दे तोर्रेस या गिटार बनवणाऱ्याने, एकोणिसाव्या शतकात. त्याने 1862 मध्ये एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! आवाज वरच्या फळीचा असतो, हे त्याला दाखवायचं होतं. तेव्हा भारी शिसवी पाठीवर जास्तीचे पैसे घालू नका. कोर्स निवडताना एवढंच विचारा, की वरची फळी रंधायला मला देणार का. तयार जाडीची फळी हातात देत असतील तर पुढचा कोर्स बघा.

बाजू वाकवताना मी एक मोडली. तापलेल्या नळीवर ओली पट्टी धरून हळूहळू दाबायची असते. लाकूड मऊ झालं की ते हाताला कळतं. मला ते कळायच्या आतच कमरेच्या वळणावर कडकन आवाज झाला. मास्तरांनी काही न बोलता मांडणीवरून दुसरी पट्टी काढून दिली. बहुधा ठेवलेलीच होती.

‘मनासारखी’ म्हणजे शिंपल्याची नक्षी आणि तिरकी कापलेली कड असा तुमचा विचार असेल, तर पहिल्या गिटारला तो सोडा. मनासारखं करायचं ते हाताच्या मापाचं. माझी बोटं आखूड, म्हणून तारेची लांबी नेहमीच्या 650 ऐवजी 640 मिलिमीटर घेतली आणि वरच्या टोकाला मानेची रुंदी 52 ऐवजी 50. मग फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नव्याने आखावे लागतात. लांबीला 17.817 ने भागायचं, येईल तेवढ्यावर पहिला फ्रेट (माझा 35.92 वर), उरलेल्या लांबीला पुन्हा भागायचं, असं पुढे. बारावा बरोबर अर्ध्यावर, 320 वर आला की हिशोब जमला. हे मला मास्तरांपेक्षा लवकर आलं. तेवढा एकच दिवस माझा.

पॉलिशला मास्तर ‘गोमा लाका’ म्हणायचे. हुंगून पाहिलं तर आपल्या सुताराकडचा चपडा आणि स्पिरिट. लाका म्हणजे आपली लाखच. ते काम तीन आठवड्यांत संपत नाही. मी उरलेले हात म्युनिकला येऊन स्वयंपाकघरात दिले.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. कोरड्या हवेत बांधलेली गिटार मी पुढे मुंबईला आणली. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, कडा चिकटवलेल्या असल्याने फळी वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. तारा इतक्या वर गेल्या की बोटं दुखायला लागली. उलटं जास्त वाईट, दमट हवेत बांधलेली गिटार कोरड्या गावी गेली तर फळी तडकते. म्हणून भर पावसाळ्यात कोकणपट्टीत कोर्स असेल तर खोलीतली आर्द्रता 45-50 टक्क्यांवर ठेवतात का ते विचारून घ्या.

माझ्या गिटारच्या घोडीवरच्या हाडाच्या पट्ट्या आता दोन आहेत. बुटकी जूनमध्ये चढवतो, दिवाळीनंतर पुन्हा पहिली.