डोमेन कंपन्यांची खरेदी-विक्री आणि आपलं नाव : वाचकांचे प्रश्न

इचलकरंजीत आमचं फराळाच्या पदार्थांचं दुकान आहे. २०११ मध्ये मुंबईच्या एका कंपनीकडून डॉट कॉम डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, घेतलं. आता बिलावर भलत्याच कंपनीचं नाव येतं आणि रक्कमही वाढली आहे. फसवणूक तर नाही ना?

बहुधा नाही, पण आधी खात्री करा. मेलमधल्या लिंकवर न जाता आपल्या जुन्या खात्यात स्वतः लॉग-इन करून मुदतीची तारीख बघा. नूतनीकरणाची खोटी बिलं पाठवणाऱ्यांचा सुळसुळाट आहे.

तुमची कंपनी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण बिलावरचं नाव कसं बदलत जातं, ते मुंबईच्याच एका उदाहरणावरून कळेल. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी मुंबईत डिरेक्टी उभी केली. बिगरॉक आणि रिसेलरक्लब हे तिचेच ब्रँड. २०१४ मध्ये ते अमेरिकेच्या एन्ड्युरन्स इंटरनॅशनलकडे गेले. २०२१ मध्ये क्लिअरलेक कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने सुमारे ३ अब्ज डॉलर मोजून एन्ड्युरन्सच घेतली आणि वेब डॉट कॉम या कंपनीशी तिची सांगड घालून न्यूफोल्ड डिजिटल तयार केली. वेब डॉट कॉमने त्याआधी, २०११ मध्ये, नेटवर्क सोल्युशन्स घेतलेली होती. १९९० च्या दशकात बरीच वर्षं डॉट कॉम नावं देणारी ही एकमेव कंपनी होती. म्हणजे अमेरिकेतली सर्वांत जुनी पेढी आणि मुंबईतले ब्रँड एकाच मालकाकडे आले, आणि ग्राहकाला ते कळलं बिलावरूनच.

दरवाढीचं कारण मात्र याहून वेगळं आहे. तुम्ही ज्याच्याकडे पैसे भरता तो रजिस्ट्रार, म्हणजे किरकोळ विक्रेता. त्याच्यावर रजिस्ट्री असते, म्हणजे त्या प्रकारची सगळी नावं सांभाळणारी घाऊक विक्रेती. डॉट कॉमची रजिस्ट्री एकच, व्हेरिसाइन. तिचा घाऊक दर २०१२ पासून ७.८५ डॉलरवर थांबलेला होता. २०२१ पासून चार वेळा वाढून सप्टेंबर २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलर झाला. ऑक्टोबर २०२४ पासून दोन वर्षं तो गोठवलेला आणि पुढची चार वर्षं दरसाल ७ टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा, असा करार आहे. त्यात डॉलरचा भाव आणि रजिस्ट्रारचा नफा मिळवा. रजिस्ट्रार बदलून नफ्याचा भाग कमी करता येतो, घाऊक दरातून सुटका नाही. दुकान पुढची दहा वर्षं चालणार याची खात्री असेल, तर आजच्या दरात एकदम काही वर्षांचे पैसे भरून टाका. जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात.

आमच्या सामाजिक संस्थेचं संकेतस्थळ डॉट ऑर्गवर आहे. मध्यंतरी डॉट ऑर्गच विकायला काढलं होतं, हे खरं का?
*– एक विश्वस्त, सातारा*

खरं आहे, आणि हा किस्सा प्रत्येक विश्वस्ताला माहीत असायला हवा. डॉट ऑर्ग सांभाळणारी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेची. जून २०१९ च्या अखेरीस आयकॅनने, म्हणजे डोमेन व्यवस्थेचं नियमन करणाऱ्या संस्थेने, डॉट ऑर्गच्या दरावरची कमाल मर्यादा काढली. नोव्हेंबरात सोसायटीने जाहीर केलं, की रजिस्ट्री एथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक संस्थेला १.१३५ अब्ज डॉलरना विकणार. जगभरच्या सुमारे एक कोटी नावांचा हा प्रश्न होता. धर्मादाय संस्था, ग्रंथालयं, आपल्यासारखे छोटे ट्रस्ट, सगळे त्यात आले.

सौद्यात ३६ कोटी डॉलरचं कर्ज रजिस्ट्रीच्याच डोक्यावर बसणार होतं. ते फेडणार कोण? शेवटी डॉट ऑर्ग वापरणारेच. संस्थांनी जानेवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिसला आयकॅनच्या दारात निदर्शनं केली, एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी लेखी विरोध कळवला आणि ३० एप्रिलला आयकॅनने परवानगी नाकारली. माझ्या मते या धंद्यातला सामान्य वापरकर्त्यांचा हा सर्वांत मोठा विजय. तो अर्धा आहे, हेही सांगायला हवं : दराची मर्यादा परत आलेली नाही. आणि एथॉसने पुढच्याच वर्षी डोनट्स या दुसऱ्या रजिस्ट्री कंपनीचा ताबा घेतला. डोनट्सने नुकतीच डॉट इन्फोवाली अफिलियास घेतलेली होती. तीच कंपनी आज आयडेंटिटी डिजिटल या नावाने शेकडो एक्स्टेन्शन, म्हणजे नावामागची डॉट इन्फोसारखी शेपटं, चालवते.

दरसाल हजार रुपयांच्या वस्तूत मोठ्या गुंतवणूकदारांना एवढा रस का?
*– संगणक अभियंता, पुणे*

कारण ग्राहक आधी पैसे भरतो आणि सहसा सोडून जात नाही. दुकानाची पाटी, छापलेली खोकी, मेलचे पत्ते सगळं त्या नावावर असतं. डॉट कॉम आणि डॉट नेटची दर चारपैकी जवळपास तीन नावं मुदत संपली की पुन्हा भरली जातात. व्हेरिसाइनच्या प्रत्येक १०० डॉलर उत्पन्नातले ६५ हून अधिक कामकाजाचा नफा म्हणून उरतात. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने तिचे समभाग वर्षानुवर्षं उगाच धरलेले नाहीत.

छोट्यांना मात्र टिकणं अवघड झालंय. गोडॅडी या बड्या रजिस्ट्रारने २०२० मध्ये न्यूस्टार या कंपनीचा रजिस्ट्री व्यवसाय घेतला. २०२३ मध्ये गूगलसुद्धा बाहेर पडलं आणि त्याची सुमारे एक कोटी डोमेन स्क्वेअरस्पेस या वेबसाइट बनवण्याची सोय देणाऱ्या कंपनीकडे गेली. पुढच्याच वर्षी स्क्वेअरस्पेस परमिरा या गुंतवणूक संस्थेने घेतली. डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन चालवणारी रॅडिक्स ही भाविन तुराखियांचीच. रजिस्ट्रीच्या या खेळात मुंबईचं नाव टिकून आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

डॉट एआय नावं घेऊन ठेवावीत का? मित्र म्हणतो, जमिनीपेक्षा चांगली गुंतवणूक.
*– महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर*

मोठे आकडे खरे आहेत. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरना विकलं गेलं. डॉट एआय हे अँग्विला या चिमुकल्या कॅरिबियन बेटाचं एक्स्टेन्शन. २०२३ मध्ये त्या सरकारच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्यातून आला. पण बघा, पक्की कमाई झाली ती नावं देणाऱ्याची. घेऊन ठेवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल याची हमी नाही. शिवाय जमीन सातबाऱ्यावर आपल्या नावे चढते, डोमेन हा केवळ भाडेपट्टा. डॉट एआय एका वेळी किमान दोन वर्षांसाठी घ्यावं लागतं, आणि ते डॉट कॉमच्या कितीतरी पट महाग. पन्नास नावं घेतली तर हप्ते तुम्हीच मोजा. एखाद्या कंपनीच्या ट्रेडमार्कशी जुळणारं नाव विकायच्या हेतूने धरलं, तर तक्रार होऊन ते जातंच. शिक्षणाच्या पैशाला हात लावू नका. खरंच आवड असेल तर स्वतःला वापरायचं एकच नाव घ्या.

मराठी लिपीतलं डॉट भारत घेऊ का?
*– बालवाचनालय, रत्नागिरी*

जरूर घ्या, जोडीला डॉट इन ठेवा. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ मध्ये आलं. मराठी आणि कोकणीही त्यात लिहिता येते. मुलांना पत्ता आपल्या अक्षरांत वाचता येईल, हे थोडं नाही. मात्र अनेक फॉर्म देवनागरी ई-मेल पत्ते अजून स्वीकारत नाहीत, म्हणून मेल डॉट इनवरून चालवा.

आमची वेबसाइट करणारा मुलगा परदेशी गेला. डोमेन त्याच्याच खात्यात आहे. डोमेन जिथून घेतलं ती कंपनीही विकली जाणार म्हणतात.
*– दवाखाना, नांदेड*

कंपनी विकली गेली तरी तुमची मुदत चालू राहते. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय ही अमेरिकन कंपनी कोलमडली, तेव्हापासून रजिस्ट्रारना ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिसऱ्याकडे ठेवावी लागते. तुमचा धोका त्या मुलाच्या खात्यात आहे. नोंदीत धारक म्हणून त्याचं नाव असेल, तर कंपनीच्या लेखी डोमेन त्याचंच. आजच त्याला फोन करा. धारक म्हणून दवाखान्याचं नाव आणि तुमचा मेल पत्ता घालून घ्या, किंवा डोमेन कुलूपमुक्त करून ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा गुप्त कोड, मागा. धारकाने मागितल्यावर डॉट कॉमसारख्या नावांचा कोड पाच दिवसांत द्यावा लागतो. हे दोन्ही एकदम करू नका : धारकाचं नाव बदललं की सहसा पुढचे ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. मुदत महिन्याभरात संपत असेल, तर आधी त्याच खात्यातून एक वर्षाचे पैसे भरा.