हाँगकाँगची काडी आणि देवगडची विहीर

प्रश्न : ताई, मी देवगडचा, मर्चंट नेव्हीत आहे. हाँगकाँगला शिप लागलं तेव्हा वाँग ताय सिनच्या देवळात गेलो. तिथे बांबूच्या डब्यात काड्या असतात, डबा हलवत बसायचं, एक काडी खाली पडली की तिचा नंबर घेऊन बाजूच्या स्टॉलवर अर्थ विचारायचा. स्टॉलवरचे आजोबा इंग्रजी बोलायचे, गप्पा झाल्या, मी मोबाईलवर घरचे फोटोपण दाखवले. नंतर नंबर बघून ते एकदम गप्पच झाले आणि म्हणाले, घरामागे पाणी आहे, आईला तुझी काळजी लागलीय, यंदा पाण्यापासून जप. ताई, विहीर खरंच घरामागे आहे! आणि पैसे द्यायला गेलो तर घेतलेच नाहीत. घरी सांगितल्यापासून आई हटून बसलीय, "आता जहाजार जावचा नाय, आधी देवाक कौल लाव." नवीन कॉन्ट्रॅक्टवर सही करायचीय. काय करू?

उत्तर : अहो भाऊ, फोटो तुम्हीच दाखवलेत ना? त्यात विहीर दिसली असेल किंवा नसेलही, पण कोकणात परसात विहीर नाही असं घर शोधायलाच जास्त वेळ लागेल. आणि पोरगा बोटीवर असताना आई निवांत आहे अशी बाई देवगडपासून दापोलीपर्यंत कुठे भेटली तर मला जरूर कळवा.

त्या देवळात काड्या १००, आणि प्रत्येक नंबराला एक ठरलेली जुनी कविता. तुमच्या नंबराची काडी लग्न ठरत नाही म्हणून आलेल्या एखाद्या मुलीला पडली तर तिलाही तीच कविता, फक्त अर्थ लग्नाकडे वळणार. तुम्ही जहाजावर आहात हे कळल्यावर तो पाण्याकडे वळला. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने टेस्ट घेतली आणि वर्गातल्या सगळ्यांना स्वभावाचं वर्णन म्हणून एकच मजकूर वाटला, बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला, तर पोरांनी तो किती जुळतो याला पाचपैकी सरासरी चारच्या वर मार्क दिले. मोघम बोललं की प्रत्येकाला ते आपलंच वाटतं. पैसे घेतले नाहीत म्हणजे आजोबा भला माणूस, पण त्यामुळे भाकीत खरं होत नाही.

आता आई. कौलाला मी हसणार नाही. पण मूर्तीला लावलेली पाकळी डावीकडे पडली, म्हणजे देव नको म्हणाला, तर काय करणार, ते आधी ठरवलंय का? नसेल तर कौल लावूच नका, कारण मग कॉन्ट्रॅक्ट सोडलं तरी पंचाईत आणि नाही सोडलं तर आई दर फोनला रडणार. त्यापेक्षा दोघं मिळून ग्रामदेवतेच्या देवळात जा, गुरवाकडून गाऱ्हाणं घाला, झील सुखरूप परत येऊंदे म्हणून, "व्हय म्हाराजा" म्हणा आणि घरी या. गाऱ्हाण्याला डावं-उजवं नसतं.

आणि पाण्यापासून जपायचंच असेल तर सहीच्या आधी बघा की एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, खलाशी भरतीचं आरपीएसएल लायसन्स चालू आहे का, विमा कोणाचा, आणि रूट कुठला. तांबड्या समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून जहाजांवर हल्ले झालेत, तिकडून जाणार असेल तर युद्धक्षेत्राबद्दल कॉन्ट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय, नकार देता येतो का, हे युनियनला विचारून घ्या. आईला पण हे कागद वाचून दाखवा, काडीपेक्षा हे तिला जास्त पटेल असं मला वाटतं.

प्रश्न : टोकियोच्या सेन्सोजी देवळात भविष्याची चिठ्ठी काढली, ती अशुभ निघाली आणि मी ती चिपळूणला घेऊन आले. आता सासूबाई म्हणतात फेकू नको, जाळूही नको. काय करू?

उत्तर : घाबरू नका, त्या देवळात जुन्या प्रमाणानुसार १०० पैकी ३० चिठ्ठ्या अशुभच असतात, आणि देऊळवाले स्वतःच तसं सांगतात. अशुभ निघाली की तिथल्याच दांडीला बांधून यायची पद्धत आहे, पण घरी आणली तरी काही बिघडत नाही. जपानच्या फोटोंच्या अल्बममध्ये ठेवा, सासूबाईंचंही राहील आणि तुमचंही.