पसंतीक्रमाचा अर्ज भरताना

प्रश्न : माझ्या मुलीला एमएचटी-सीईटीत 91 पर्सेंटाइल मिळाले असून तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यायचे आहे. नंबर लागणे अवघड असलेली महाविद्यालये यादीत वर लिहिली, तर खालचीही हातची जातात, असे नातेवाईक सांगतात. यादी कशी करावी?
– एक पालक, नंदनवन, नागपूर

उत्तर : नातेवाइकांच्या भीतीला आधार नाही. कॅप फेरीत (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत) जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होते. आपल्या मुलीची पाळी आली की तिची यादी वरून खाली तपासली जाते आणि तिला मिळू शकणारी पहिली जागा दिली जाते. म्हणून पुण्याचे सीओईपी हे नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालय सर्वांत वर लिहिल्याने वानाडोंगरीच्या यशवंतराव चव्हाण महाविद्यालयातील तिची संधी तिळमात्र कमी होत नाही. क्रम तिच्या खऱ्या इच्छेचाच असावा. पहिली पसंती मात्र नीट विचार करून लिहा, कारण पहिल्या फेरीत तीच मिळाली तर जागा आपोआप निश्चित होते आणि पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो.

समतोल साधायचा तो यादीच्या मधल्या व शेवटच्या भागात. त्यासाठी मागील वर्षीच्या पहिल्या आणि अखेरच्या अशा दोन्ही फेऱ्यांचे कटऑफ (प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे पर्सेंटाइल) पाहावेत, आणि तेही योग्य रकान्यातले. रकान्यावरील प्रवर्गाच्या कोडचे शेवटचे अक्षर 'एच' असेल तर ते त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी, 'ओ' बाहेरच्यांसाठी आणि 'एस' राज्यस्तरीय जागांसाठी असते. मुलीची बारावी नागपूरला झाली असेल, तर अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयातील 'एच'चा आकडा तिच्या उपयोगाचा नाही. तेथे 'ओ' पाहावा लागेल. अनेक पालकांचा अंदाज नेमका येथेच चुकतो. कोडच्या आरंभी 'एल' असलेल्या जागा मुलींसाठी राखीव असतात, त्यांचे आकडेही पाहावेत.

प्रत्येक शाखेचा कोड वेगळा असल्याने एकाच महाविद्यालयातील आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स स्वतंत्रपणे लिहिता येते. शाखा मोठी की महाविद्यालय, हे मुलीनेच ठरवावे असे माझे स्पष्ट मत आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास शिक्षण शुल्कमाफीच्या जागेचा कोड त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर लिहावा.

सर्वांत खाली, नंबर जवळपास निश्चित लागेल अशी तीन-चार महाविद्यालये हवीत, परंतु ती प्रत्यक्ष पाहून, तेथील विद्यार्थ्यांशी बोलून मगच लिहावीत. हिंगणा रस्त्याच्या दिशेने मेट्रो लोकमान्य नगरपर्यंतच जाते. त्यामुळे नंदनवनहून त्यापुढच्या महाविद्यालयात रोज ये-जा जमेल का, हेही आधीच पाहावे. जेथे ती जाणारच नाही, असे नाव यादीत नको. नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्रीय संस्थेचे प्रवेश मात्र कॅपमधून नव्हे, तर जेईई मेनच्या आधारे जोसा या देशपातळीवरील जागावाटप यंत्रणेमार्फत होतात, त्यासाठी वेगळी नोंदणी लागते.