ब्रॉडकास्टचा ‘जुना’ विषय बीईला घ्यावा का?

प्रश्न : मी टीई कॉम्प्युटरला आहे. बीईच्या प्रोजेक्टसाठी गाइड मॅडमनी ‘वायरलेस ब्रॉडकास्टमधलं डेटा शेड्यूलिंग आणि इंडेक्सिंग’ हा विषय सुचवला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपमधले तिघे म्हणतात, सगळे एआय घेतायत, आपणही तेच घेऊ. शोधलं तर बहुतेक पेपर १९९०च्या दशकातले निघाले. बाबा विचारतात, इतक्या जुन्या विषयावर नोकरी कोण देणार? विषय घेऊ का? आणि पुढे नोकरी, सी-डॅक की एमटेक?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : बाबांचा प्रश्न आधी घेते, कारण तो रास्त आहे. या नावाची जागा कुठलीही कंपनी भरत नाही. हिंजवडीत जागा निघतात त्या फर्मवेअर, टेलिकॉम प्रोटोकॉल, गाड्यांमधलं एम्बेडेड सॉफ्टवेअर अशा नावांनी. तिथल्या मुलाखतीत हा विषय चांगला चालतो, पण आकडे तू स्वतः काढलेले असले तरच. बसचं वेळापत्रक दाखवणारं अ‍ॅप बनवून त्याला ‘ब्रॉडकास्ट’ म्हणालात, तर ओरलला एक्स्टर्नल पहिल्या पाच मिनिटांत विचारतील की यात ब्रॉडकास्ट कुठे आहे.

विषयाचा गाभा असा. सर्व्हर माहिती सतत फिरती ठेवतो. फोन काही मागत नाही, फक्त ऐकतो. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, ट्रान्समीटरवरचा भार तोच. फोनच्या बाजूने मात्र दोन घड्याळं चालू असतात. हवी ती नोंद हाती येईपर्यंतचा एकूण वेळ म्हणजे अ‍ॅक्सेस टाइम, आणि त्यातला रेडिओ प्रत्यक्ष चालू ठेवावा लागतो तेवढा वेळ म्हणजे ट्यूनिंग टाइम. बॅटरी खाते ती दुसरी वेळ. एक घड्याळ आवळलं की दुसरं सैल होतं, आणि अख्खा विषय या ओढाताणीवर उभा आहे.

आता वही काढ. समज, पीएमपी बसच्या थांब्यांची वेळापत्रकं १६०० बकेटमध्ये, म्हणजे डेटाच्या सारख्या मापाच्या तुकड्यांत, भरली आहेत. बकेट १ केबीची, ती पाठवायला २० मिलिसेकंद. इंडेक्स, म्हणजे कुठली नोंद कधी येणार याची यादी, नसेल तर सरासरी अर्धा फेरा ऐकावा लागतो : ८०० बकेट, म्हणजे १६ सेकंद, आणि रेडिओ सगळा वेळ जागा. आता १६ बकेटचा, झाडासारखा इंडेक्स घाल : १ मूळ आणि १५ पानं. मूळ पान दाखवतं, पान डेटा. एका पानात साधारण १०७ नोंदी येतात. नोंदीला ८ बाइट धरले तर १ केबीत आरामात मावतात. हा इंडेक्स एका फेऱ्यात किती वेळा पेरायचा? डेटाला इंडेक्सने भागून वर्गमूळ काढायचं. १६०० भागिले १६ म्हणजे १००, वर्गमूळ १०. फेरा १७६० बकेटचा होतो. इंडेक्सपर्यंत पोचायला सरासरी ८८ आणि तिथून नोंदीपर्यंत ८८०, मिळून ९६८ बकेट, म्हणजे १९.३६ सेकंद. रेडिओ मात्र चारच बकेट जागा : पहिली कुठलीही (पुढचा इंडेक्स किती दूर ते ती सांगते), मूळ, पान आणि डेटा. ८० मिलिसेकंद! वाट सव्वातीन सेकंदांनी वाढली आणि ऐकणं १६ सेकंदांवरून ०.०८ वर आलं. इंडेक्स एकदाच ठेवला तर वाट ३२ सेकंदांवर जाते. ५ वेळा ठेव किंवा २० वेळा, दोन्हीला २०.१६ सेकंदच येतात. दहाच्या आसपास फारसा फरक पडत नाही, त्यामुळे त्या आकड्यावर रात्री जागवू नका.

हे (१, एम) इंडेक्सिंग : एका फेऱ्यात इंडेक्स एम वेळा. रटगर्स विद्यापीठातल्या इमिएलिन्स्की, विश्वनाथन आणि बद्रिनाथ यांनी १९९४ आणि १९९७ च्या पेपरांत ते मांडलं. बहुतेक ग्रुप इथपर्यंतचा ग्राफ छापून थांबतात.

तुम्ही थांबू नका. तेच हार्डवेअरवर करा. एनआरएफ२४एल०१ प्लस या रेडिओ चिपचे तीन-चार मॉड्यूल आणि अर्डुइनो पुरतात. त्याचं पाकीट जास्तीत जास्त ३२ बाइटचं. ४ बाइट हेडर गेला की २८ उरतात, नोंदीला ४ धरले तर एका पाकिटात ७ नोंदी. ३४३ डेटा पाकिटांना ५७ इंडेक्स पाकिटं लागतात (१, ७ आणि ४९). मघाचं वर्गमूळाचं सूत्र इंडेक्स २.४५ वेळा पेरा सांगतं, २ घ्या की ३, वाट ३४३ पाकिटांच्या आसपासच येते. इंडेक्स नसताना ती १७२ होती. दुप्पट झाली! मघाशी इंडेक्स डेटाच्या एक टक्का होता, इथे १७ टक्के आहे. डिस्ट्रिब्युटेड इंडेक्सिंगची गरज इथे कळते : झाडाचा वरचा भाग पुन्हा पुन्हा पाठवायचा, खालची पानं फक्त आपापल्या डेटाच्या आधी एकदाच. हा फरक मोजून दाखवलात की प्रोजेक्ट उभा राहिला.

हार्डवेअरवर काय बिघडतं तेही आत्ताच सांगून ठेवते. मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या, ५ दिले तर ते जातं. सप्लायच्या पायांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर पाकिटं अधूनमधून गळतात आणि दोष कोडला दिला जातो. ऑटो-अ‍ॅकनॉलेज बंद करा. ते मुळात चालू असतं आणि सगळे रिसीव्हर एकदम पोच पाठवायला लागतात. या चिपला ऐकताना साधारण १३ मिलिअ‍ॅम्पिअर लागतात आणि झोपेत १ मायक्रोअ‍ॅम्पिअरहून कमी, म्हणून झोपेचा फायदा मल्टिमीटरवरही दिसतो. पण खरी गोम घड्याळात आहे. झोपेत वेळ मोजणारं आतलं आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचं) घड्याळ एक टक्का चुकलं, तर पीएमपीच्या उदाहरणातल्या एका फेऱ्यात, म्हणजे ३५ सेकंदांत, ३५० मिलिसेकंदांचा घोळ होतो, म्हणजे १७ बकेट. रिसीव्हर जागा होतो तेव्हा नोंद निघून गेलेली असते. अर्डुइनोचा वॉचडॉग टायमर याहूनही जास्त चुकू शकतो. क्रिस्टल वापरलं, दोन्ही टोकांना २० पीपीएम (दहा लाखांत २०) चूक धरली, तर चूक दीड मिलिसेकंदाच्या आत राहते. शिवाय रेडिओला जागं व्हायला दीड ते साडेचार मिलिसेकंद लागू शकतात, तेवढं आधी उठवायचं.

आणि पाकीट हरवलं तर? पीएमपीच्याच उदाहरणात इंडेक्सचं हरवलं तर पुढचा इंडेक्स १७६ बकेटवर, साडेतीन सेकंदांत भेटतो. डेटाचं हरवलं तर अख्खा फेरा, ३५ सेकंद. म्हणून प्रत्येक बकेटच्या हेडरमध्ये ‘पुढचा इंडेक्स किती बकेट दूर’ हा आकडा हवाच. मुलं तो विसरतात आणि वाट चुकलेला रिसीव्हर कायमचा झोपून राहतो.

शेड्यूलिंगचं एकच गणित दाखवते, ते हातानेही होतं. दोन नोंदी : अ ला ९० टक्के मागणी, ब ला १०. आलटून-पालटून पाठवल्या तर सरासरी वाट १ स्लॉट (एक नोंद पाठवायचा वेळ). मागणीच्या प्रमाणात, म्हणजे नऊदा अ आणि एकदा ब, तर १.०४, थोडी वाढतेच. वर्गमूळाच्या प्रमाणात, तीनदा अ आणि एकदा ब, तर ०.८७५. मागणी नऊपट म्हणून नऊपट वेळा पाठवायचं, हे सहज सुचतं आणि चुकतं. वर्गमूळाचा नियम १९८५ मध्ये अम्मार आणि वाँग यांनी टेलिटेक्स्टसाठी, म्हणजे टीव्हीच्या सिग्नलवरून फिरणाऱ्या मजकुराच्या पानांसाठी, काढला होता.

तुमच्या एआयवाल्या तिघांना इथेच जागा आहे. फोन काही मागत नसल्यामुळे कशाला किती मागणी आहे हे सर्व्हरला कळतच नाही. तो अंदाज बांधणं हे शिकणाऱ्या मॉडेलचं खरं काम. बाकी ठिकाणी एआय चिकटवू नका.

सिम्युलेशन पायथनमध्ये करा, किमान १ लाख प्रश्न (फोनला एक नोंद हवी, हा एक प्रश्न) सोडा, आणि प्रत्येक प्रश्न फेऱ्यातल्या कुठल्याही क्षणी सुरू होऊ द्या. सगळे फेऱ्याच्या सुरुवातीला सोडले तर आकडे गोड येतात आणि खोटे असतात. इंडेक्सशिवाय सरासरी अर्ध्या फेऱ्याएवढी आली नाही, तर आधी कोड तपासा.

‘जुना’ या आक्षेपाला उत्तर तुझ्या खिशात आहे. जीपीएसचा उपग्रह ५० बिट प्रति सेकंद या वेगाने माहिती फिरवतो. स्वतःच्या कक्षेचा तातडीचा तपशील दर ३० सेकंदांनी येतो आणि सगळ्या उपग्रहांची यादी पुरी व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. हे शेड्यूलिंगच. एलटीईचा (४जीचा) टॉवर एसआयबी-१ या माहिती-ब्लॉकमध्ये बाकीचे माहिती-ब्लॉक कधी येणार ते सांगतो, तो इंडेक्स. ब्लूटूथ ५ मध्ये छोटं पाकीट पुढच्या मोठ्या पाकिटाचं चॅनल आणि वेळ सांगतं. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले, ते चाचणीचे इशारेही सेल ब्रॉडकास्टनेच आले होते. बाबांना हे चार दाखले सांग.

पुढचं. तुला रजिस्टर, टायमर, ऑसिलोस्कोप आवडले तर सी-डॅकचा एम्बेडेडचा साधारण सहा महिन्यांचा डिप्लोमा घे; तो पुण्यातच करता येतो आणि प्रवेश सी-कॅटमधून होतो. कॉम्प्युटरच्या मुलींना तिथे सी आणि पॉइंटर नाही, इलेक्ट्रॉनिक्स अडतं, ते आत्तापासून बघ. गणितात रमलीस तर गेट देऊन एमटेक, आणि तिथे क्यूइंग थिअरी (रांगांचं गणित) नक्की घे. थेट नोकरी हवी असेल तर रेझ्युमेवर एकच ओळ पुरे : किती पाकिटांवर, ट्यूनिंग टाइम कितीवरून किती आणला, आणि त्यासाठी वाट किती वाढली. तिसरा आकडा लपवू नकोस. मुलाखत घेणारा नेमका तोच विचारतो.

आधी मात्र वरची ३४३ पाकिटांची आकडेमोड चौघांनी वेगवेगळी करून बघा आणि उत्तरं घेऊन मॅडमकडे जा. तिघांपैकी एकालाही त्यात रस वाटला नाही, तर ग्रुप बदल, विषय नको.