एकाच गाण्याचे वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी केलेले व्हिडिओ पाहिले, तर गाण्याचा अर्थ खरंच बदलतो का?

बदलतो. मला ते ‘हर्ट’ या गाण्याने पटवलं.

नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडच्या ट्रेंट रेझ्नरचं हे १९९४ सालचं गाणं. सायमन मॅक्सवेलने त्याचा व्हिडिओ मंचावरच्या थेट सादरीकरणातूनच केला. रेझ्नर झिरझिरीत पडद्यामागे उभा राहून गातो आणि पडद्यावर युद्धातले मृतदेह, साप, कुजलेला कोल्हा दिसत राहतात. कोल्ह्याचं कुजणं तर उलट्या क्रमाने दाखवलंय. गाणारा माणूस त्या चित्रांत बुडून जातो; हे दुःख त्याचं की साऱ्या जगाचं, ते वेगळं काढता येत नाही.

अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये हेच गाणं गायलं आणि पुढच्या वर्षी मार्क रोमानेकने त्याचा व्हिडिओ केला. याच रोमानेकने पूर्वी नाइन इंच नेल्सच्याच ‘क्लोजर’चा व्हिडिओ केला होता, अंगावर काटा आणणारा. इथे मात्र त्याने बाहेरचं काहीच आणलं नाही. सत्तरी गाठलेला, थकलेला कॅश, बंद पडून मोडकळीला आलेलं त्याचं संग्रहालय आणि मध्ये मध्ये तरुण कॅशच्या जुन्या फिती. क्रुसावरच्या ख्रिस्ताची दृश्यंही कॅशच्याच १९७३ च्या चित्रपटातली. गाण्यात ‘माझं हे मातीचं साम्राज्य’ अशा अर्थाची ओळ आहे. रेझ्नरच्या तोंडी ती मला तरुण माणसाच्या संतापासारखी वाटायची. इथे ते साम्राज्य डोळ्यांसमोर उभं असतं, धूळ खात.

आणि कॅशची बायको जून कार्टर! ती जिन्यावर उभी राहून नवऱ्याकडे बघते, बस्स, एवढंच. त्याच वर्षी मे महिन्यात ती गेली, सप्टेंबरात तो. हे कळल्यावर ती नजर मला सहन होत नाही. रेझ्नरनेही हा व्हिडिओ पाहून, हे गाणं आता आपलं राहिलं नाही, असं म्हटलं होतं.

बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दरवेळी निराळी अदा करतात, शब्द तेच राहतात. तसंच हे, फक्त इथे अदा दिग्दर्शकाची.

तुम्ही बघाल तेव्हा आधी मॅक्सवेलचा बघा. तिथे कोल्ह्याचं मरण उलटं फिरवता आलं होतं. रोमानेककडे कॅश शेवटी पियानोचं झाकण लावतो आणि त्यावरून हळूच हात फिरवतो.