'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही हिंदी विनोदी सिरीयल एवढी भारी होती तर दीड वर्षात बंद का पडली? कोणी बनवली, त्यातले लोक पुढे काय करतायत?

खरं सांगायचं तर तेव्हा ती पुरेशा लोकांनी बघितलीच नाही, बंद पडायचं कारण एवढंच. आज प्रत्येकाच्या तोंडी माया साराभाई आहे, तिच्या क्लिपा फॅमिली ग्रुपवर फिरतात, पण 2004 साली मी शाळेत ह्या सिरीयलबद्दल बोलायला लागलो की समोरचा विचारायचा कुठल्या चॅनलवर असते रे ही?

आणि प्रश्न बरोबरच होता. 1 नोव्हेंबर 2004 ला स्टार वन नावाचं नवं चॅनल सुरू झालं आणि त्याच्यासोबत ही सिरीयल. आमचा केबलवाला ते चॅनल कधी दाखवायचा, कधी त्या जागी भजनं लागलेली असायची. त्यात ही यायची आठवड्यातून एकदा, आणि तो काळ म्हणजे रोज रात्री जेवणं उरकून सासू-सुनांच्या सिरीयली बघण्याचा, आमच्याकडे आई, आजी, शेजारच्या काकू सगळ्या एका ओळीत बसलेल्या, रोजची सवय लागलेल्या माणसाला आठवड्यातनं एकदा येणाऱ्या गोष्टीची ओढ लागणं अवघडच. टीआरपी आला नाही, एप्रिल 2006 मध्ये बंद, एपिसोड झाले 70 च्या आसपास. ते स्टार वन पण नंतर 2011 मध्ये गुंडाळलं गेलं.

आता बनवणारे. लेखक आतिश कपाडिया, निर्माते आतिश आणि जेडी मजेठिया (हॅट्स ऑफ त्यांची कंपनी), दिग्दर्शक देवेन भोजानी. तिघंही गुजराती रंगभूमीवरची माणसं आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. ह्याच आतिश-जेडी जोडीने आधी 2002 मध्ये 'खिचडी' केली होती, तिथे सगळं घर येडचाप. इथे त्यांनी जास्त अवघड गोष्ट केली, भांडण तेच घेतलं जे बाकी सगळ्या सिरीयलींमध्ये चालू होतं, सासू विरुद्ध सून, पण सून बिचारी नाही आणि सासू राक्षसीण नाही. सासू माया मुंबईच्या कफ परेडची उच्चभ्रू बाई, सून मोनिशा दिल्लीकडची, समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणारी, घासाघीस करणारी, एकावर एक फ्री दिसलं की उचलून आणणारी. मायाला सुनेचं मनीषा हे नाव फारच मिडल क्लास वाटलं म्हणून तिने ते बदलून मोनिशा करून टाकलं. म्हणजे बघा, अख्ख्या सिरीयलचं भांडण लेखकाने एका अक्षरात बसवलंय. आणि बाकी घरांमध्ये सून रडते तशी ही रडत बसत नाही, तिला आपल्या राहणीची लाजच वाटत नाही. माझ्या आईची आजही किचनमध्ये पिशव्या ठेवायची एक पिशवी आहे, म्हणून असेल, पण मला मोनिशा कायम आपल्या घरातली वाटत आली.

माया झालेल्या रत्ना पाठक शहांचं काम कधी आवाज बंद करून बघा, खरंच बघा. मोनिशाने काहीतरी उद्योग करून ठेवलेला असतो, माया आधी त्या वस्तूकडे बघते, मग मोनिशाकडे, मान थोडी कलते, ओठांवर हसू असतं. आता आवाज चालू करा, तो चढत नाही, उलट जेवढा राग जास्त तेवढा गोड होत जातो. हे असं करायला नाटकात मुरलेलं माणूस लागतं. त्या अभिनेत्री दीना पाठक यांच्या मुलगी, एनएसडीत (दिल्लीची राष्ट्रीय नाट्यशाळा) शिकलेल्या, आणि 'खिचडी'तली हंसा म्हणजे सुप्रिया पाठक, ती यांची सख्खी बहीण, म्हणजे एकाच लेखकाने दोघी बहिणींना त्यांचे सगळ्यात लाडके रोल दिले. आणि मोनिशाचा नवरा साहिल झालेल्या सुमीत राघवनच्या आईचं काम करत होत्या पण खऱ्या वयात फरक फक्त 14 वर्षांचा, तरी एकदाही शंका येत नाही.

इंद्रवदन म्हणजे सतीश शहा. पुण्याच्या एफटीआयआयचे विद्यार्थी, 1984 च्या 'ये जो है जिंदगी'त दर एपिसोडला वेगळं पात्र करायचे, आपल्या 'गंमत जंमत'मध्येही होते. इथे साठीतला बाप असून घरातलं सगळ्यात व्रात्य पोर तेच, सासू-सुनेत काडी लावायची आणि लांब बसून मजा बघायची. धाकटा मुलगा रोसेश, त्याच्या कविता आणि त्याचा तो घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज, तो राजेश कुमारने स्वतः कमावलेला, खऱ्या बोलण्यात तसा लवलेश नाही. 'मम्मा का पर्स' वगैरे कविता वेड्यासारख्या वाटतात पण नीट ऐका, लय कुठेच तुटत नाही, वाईट कविता इतकी चांगली लिहायला आतिश कपाडियाच पाहिजे. देवेन भोजानी दिग्दर्शन करून वर जावई दुष्यंतही करायचे, एखादं यंत्र बिघडलं की झालं, समजावत सुटणार. आणि कमी ऐकू येणारे मधुभाई म्हणजे अरविंद वैद्य.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते सुमीत राघवनबद्दल, कारण त्याला त्याच्या वाटचं श्रेय मिळत नाही असं मला मनापासून वाटतं. सगळे विनोदी, मधे एकटा साहिल शहाणा. एका बाजूला आई, दुसरीकडे बायको, तिसरीकडे बाप काड्या करतोय आणि ह्याने फक्त वैतागायचं. तो वैताग खोटा वाटला असता तर समोरच्याचा विनोद पडला असता, प्रत्येक सीनमध्ये. आपल्याकडे मराठी नाटक बघणाऱ्याला हे सांगायला नको, हशा घेणाऱ्याइतकंच हशा घेऊ देणाऱ्याचं काम असतं. दूरदर्शनवरचा फास्टर फेणे हाच, 'महाभारत'मधला छोटा सुदामा हाच, पुढे मराठी रंगभूमीवर हॅम्लेट केला, घाणेकरांवरच्या सिनेमात डॉ. लागूंचं काम केलं. 2021 मध्ये 'वागले की दुनिया'च्या नव्या रूपात वागले झाला आणि ती पुन्हा जेडी मजेठियांचीच.

बाकीच्यांचं विचारलंत तर रुपाली गांगुली (मोनिशा) आता 'अनुपमा', 2020 पासून. मोनिशा ज्या डेली सोप जीव टाकून बघायची तसल्याच सगळ्यात मोठ्या सिरीयलची आता ती हिरोईन आहे, आणि तिथे तिचे सासरे कोण, तर आपले मधुभाई, अरविंद वैद्य! अनुपमा आणि आपली 'आई कुठे काय करते' दोन्ही एकाच बंगाली सिरीयलवरून घेतलेल्या, म्हणून आमच्या घरात आई आणि मावशी कुठली बरी यावर अजून वाद घालतात. राजेश कुमारने मधे काही वर्षं अभिनय बाजूला ठेवून शेती केली, आता परत सिनेमांत दिसतो, 'सैयारा'मध्ये हिरोईनचा बाप तोच.

2017 मध्ये हॉटस्टारवर हीच मंडळी दुसरा सीझन घेऊन आली होती. मी पहिल्या दिवशी बसलो, बघितला पण पूर्ण, पण विनोद जास्त कडू झालेत आणि जिव्हाळा कमी, त्यामुळे नवीन असाल तर आधी जुनी पूर्ण संपवा मगच तिकडे जा.

ऑक्टोबर 2025 मध्ये सतीश शहा गेले. अंत्यसंस्काराला ही सगळी टीम होती आणि तिथे त्यांनी मिळून सिरीयलचं टायटल साँग म्हटलं, कारण भेटले की ते म्हणायचं ही त्यांची पद्धतच होती. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला, परत लावायची हिंमत झाली नाही.