जपानी कॉमिक्सचं मराठी भाषांतर करून टेलिग्रामवर फुकट टाकलं तर गुन्हा होतो का?

तू लिहिलंयस की मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, पानं घेऊन बबलमधला मजकूर मालवणीत लिहितोस, पीडीएफ चॅनलवर टाकतोस, एक रुपया घेत नाहीस, खाली 'सर्व हक्क मूळ लेखकाचे' असं पण टाकतोस, आणि वाचनालयात तरी एक पुस्तक शंभर जण वाचतातच ना, मग अडचण काय. मी रत्नागिरीत वकिली करते, तर सरळच सांगते, हो, गुन्हा होतो. त्या पीडीएफ आजच काढून टाक.

आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि त्यात भाषांतर करायचा हक्क मूळ मालकालाच दिलाय. भारत आणि जपान दोघंही बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत त्यामुळे तिकडच्या चित्रकाराला इथे पण संरक्षण मिळतं. तू तर नुसतं भाषांतर पण करत नाहीस, त्याची चित्रं जशीच्या तशी कॉपी करून लोकांना वाटतोस, म्हणजे एकाच पीडीएफमध्ये तीन हक्क मोडले. खाली लेखकाचं नाव लिहिलं म्हणजे श्रेय दिलं, परवानगी मिळाली असं होत नाही.

पैसे न घेण्याचा फायदा फक्त शिक्षेत. कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारणं देऊन ती कमी करू शकतं, पण गुन्हा राहतोच. आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात. चॅनलवर खरं नाव नाही यावर पण विसंबू नकोस, त्याच वर्षी एका कोचिंग शिक्षिकेच्या नोट्स फिरवणाऱ्या चॅनलवाल्यांची माहिती दिल्ली हायकोर्टाने टेलिग्रामला द्यायला लावली होती.

वाचनालयाचं म्हणशील तर आमचं इथलं नगर वाचनालय 1828 पासून आहे, पण तिथे विकत घेतलेली एकच प्रत हातोहात फिरते. पीडीएफ डाउनलोड झाली की दर वेळी नवी प्रत तयार होते, आणि कायदा नेमका त्या नव्या प्रतीला अडवतो.

तुझी तळमळ मला कळते रे. कुडाळ-कणकवलीच्या दुकानात मराठी मांगा मिळत नाही हे खरंच वाईट आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, म्हणजे परदेशी कॉमिक्समधला फँटम, आपल्याकडे मराठीत घरोघरी वाचला गेला, पण तो रीतसर हक्क घेऊन आलेला, म्हणून तर इतकी वर्षं टिकला.

स्वतः वाचायला घरी भाषांतर केलंस तर कोणी विचारत नाही, खाजगी वापराला कायद्यात सूट आहे. परीक्षण लिहून त्यात मुद्द्यापुरती एक-दोन चित्रं दाखवलीस तरी चालतं, अख्खा चॅप्टर मात्र नको. भाषांतरच करायचं असेल तर डेव्हिड रेव्हॉय नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं 'पेपर अँड कॅरट' बघ, ते क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर आहे, नाव देऊन कुठल्याही भाषेत करून वाटता येतं आणि चित्रांच्या मूळ फाइल्स पण मिळतात, बबल खोडत बसायला नको. नाहीतर साने गुरुजींचं लेखन घे, ते आपल्या पालगडचेच, 1950 ला गेले, आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात म्हणजे 2011 पासून ते सगळ्यांसाठी मोकळं आहे. त्यावर मालवणी कॉमिक काढलंस तर कोणाची परवानगी लागणार नाही, आणि चित्रांवरचा, मालवणी मजकुरावरचा हक्क तुझा असेल. फक्त दुसऱ्या कोणी अलीकडे काढलेली चित्रं किंवा केलेलं रूपांतर उचलू नकोस, त्यावर त्यांचा वेगळा हक्क असतो.

आणि ज्या मांगावर तुझा इतका जीव आहे त्याच्या प्रकाशकाला एकदा मेल कर, हक्क विभागाला, मालवणीतली दोन पानं नमुना म्हणून जोडून. नाही म्हणाले तर काम चॅनलवर न टाकता घरीच ठेव.